समुद्रतळावरची नांगरट

समुद्राच्या कामासाठी मी भर मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात जाऊन आले, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग कॅलेंडरकडे. मी मूळची वेंगुर्ल्याची, नोकरी गोव्यात, आणि काम खोल समुद्राच्या तळावरचे जीव मोजण्याचं. आमच्याकडचा माणूस मे महिन्यात फार तर आंब्याखाली जातो. पण मला ज्यांना भेटायचं होतं ते माझे जुने वरिष्ठ वामनराव सर निवृत्त झाल्यावर आपल्या गावी, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला, कायमचे राहायला गेले होते. आणि सरांनी आपलं एक वाक्य मागे घ्यावं, हे सांगायला मी निघाले होते.

वाक्य कोणतं ते आधीच सांगते, उगाच कोडं नको. हिंदी महासागराच्या मध्यावर पाच किलोमीटर खोल तळाशी बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं असं बरंच काही आहे. बॅटऱ्यांना ते लागतं, म्हणून ते गोळे उपसून वर आणणाऱ्या यंत्रांची तयारी चाललेली असते. सर तरुण असताना त्यांनी जहाजावरून एक अवजड लोखंडी अवजार खाली सोडून तळाचा एक पट्टा मुद्दाम खरवडला होता. उद्या खाण झालीच तर तळाचं काय होईल, ते आजच बघावं हा हेतू. काही वर्षांनी परत जाऊन त्यांनी तिथल्या गाळातले किडे मोजले आणि लिहिलं, ‘खरवडलेला तळ थोड्याच वर्षांत पूर्ववत होतो.’

आता खाणीचे नियम ठरवायला एक समिती बसली आहे. यंत्र कुठे चालवायचं, कुठला भाग हात न लावता राखून ठेवायचा आणि तो किती मोठा, हे तिथे ठरायचं आहे. ज्यांना घाई आहे ती मंडळी प्रत्येक बैठकीत सरांचं वाक्य वाचून दाखवतात. मोठा माणूस, मोठा अनुभव, मग बोलायला कोण धजतो? यंदाच्या सफरीत आमच्या जहाजाने त्या जुन्या पट्ट्यावर कॅमेरा सोडला. पट्टा अजून खरवडलेलाच होता. मी समितीच्या अध्यक्षांच्या मागे लागून सरांचं म्हणणं फोनवरून ऐकण्याचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, “तू ये तं खरी घरी.”

वर्धा, देवळी आणि सुके बांगडे

वर्धा स्टेशनाबाहेर पडले तेव्हा सकाळच होती, पण ऊन दुपारचं होतं. आमच्याकडे उन्हाने घाम येतो. इथे घाम यायच्या आतच वाळतो, आणि आपल्याला वाटतं की आपण फार सोशिक आहोत. ई-रिक्षावाल्याने माझा उघडा माथा बघून मान हलवली.

“ताई, डोक्याले दुपट्टा बांधा. अन् एक कांदा ठेवा जवळ. ऊन लागन तं मंग पाहाचं काम नाई.”

मी कांदा घेतला नाही. दुपट्टा मात्र स्टँडसमोरच विकत घेतला. तो गृहस्थ रस्ताभर आपल्या गाडीचं कौतुक सांगत होता. “धूर नाई, आवाज नाई, पेट्रोलची झंझट नाई. बस, बॅटरी हाय.” बॅटरी म्हटल्यावर माझ्या तोंडाशी सगळा समुद्रतळ आला होता. मग कळलं की त्याच्या बॅटरीत साधं शिसं आहे, त्यामुळे माझं भाषण पोटातच राहिलं. खरं तर त्याच्याशी भांडायला मला जमलंही नसतं. माझ्या पर्समधल्या फोनला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

पुलगावच्या बसमध्ये माझी फजिती झाली. जहाजावर सर मासे फार आवडीने खात, म्हणून मी त्यांच्यासाठी सुके बांगडे नेत होते. चांगले तीन कागदांत गुंडाळले होते. पण वर्ध्याच्या उन्हापुढे कागदाची काय मातब्बरी? देवळी यायच्या आतच कंडक्टर नाक वर करून बसभर फिरला.

“कोनाच्या पिशवीत काय मेलं वो?”

“माझ्या,” मी म्हटलं. “सुके बांगडे आहेत.”

“मेलेलेच ना पन?”

सगळी बस हसली. देवळीला गाडी थांबल्यावर मागच्या सीटवरच्या बाईने मला उतरवून रसवंतीवर उसाचा रस पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. “पाव्हन्या मानसाले हसलो आमी, मंग एवढं तं कराच लागते,” ती म्हणाली. आमच्याकडे हसणारे असे रस पाजत नाहीत, हसून झाल्यावर वर उपदेश करतात.

देवळीच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसती काळी रानं. कापूस, सोयाबीन सगळं निघून गेलेलं, ढेकळं उघडी पडलेली, मध्येच एखादं कडुनिंब. इतकं सपाट आणि इतकं रिकामं बघायची मला सवय नव्हती, असं म्हणणार होते. पण सवय होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी महिनोन्महिने असंच सपाट बघत असते.

रोहणा

पुलगावला बस बदलून रोहण्याला उतरले तर सर स्वतः फाट्यावर उभे. जहाजावर कडक इस्त्रीत वावरणारे सर इथे पांढऱ्या बंडीत आणि डोक्याला पंचा बांधून होते. भाषाही घरी आलेली. जहाजावर ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. इथे म्हणाले, “आली काय वो पोरी? काळी पडलीस!”

घरात सुमनकाकू आणि सरांचा पुतण्या दिलीप. शेत दिलीप बघतो आणि सरांना ‘मोठेबाबा’ म्हणतो. पाणी पिऊन झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने पिशवी पुढे केली. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती मला पिशवी पुढे केल्यावर दिसली.

“वशाट चालत नाई आमच्या घरात,” काकू हळूच म्हणाल्या.

“पण सर जहाजावर तर...” मी सुरुवात केली आणि सरांना जोराचा ठसका लागला.

“जहाजावर काय?” काकूंनी विचारलं.

“जहाजावर वरणभात फार छान मिळायचा,” मी म्हणाले.

पिशवी दिलीपने उचलली. “मी लावतो ठिकानी,” असं म्हणून तो गेला तो बराच वेळ आला नाही. तिसऱ्या दिवशी शेतातल्या चुलीजवळ मला काटे दिसले, तेव्हा ठिकाण कळलं.

जेवायला गोळाभात होता. बेसनाचे तिखट गोळे भातात शिजवायचे, ताटात कुस्करायचे, वरून कढत फोडणीचं तेल आणि सोबत ताक. नारळाचा कुठे मागमूस नाही. नारळाशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे आजारपण. पण मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा काकू खूश झाल्या. संध्याकाळी शेजारपाजारच्या बाया मला बघायला आल्या. समुद्राच्या तळाशी काय असतं हे त्यांना ऐकायचं होतं. मी सांगितलं की तिथे कायमचा अंधार आहे, आणि पाणी फ्रिजमधल्यासारखं गार.

“मंग तं बरंच हाय बाप्पा,” एक आजीबाई म्हणाल्या. “जागा असन तं पाहाजो एखादी.”

सगळ्या हसल्या, सरही हसले. माझ्या लक्षात आलं की गावाने सरांना फार जपलं आहे. त्यांना इथे ‘समुद्रवाले साहेब’ म्हणतात. शाळेत दर सव्वीस जानेवारीला त्यांचं भाषण असतं, आणि त्याचा शेवट ठरलेला आहे, असं दिलीपने मला कौतुकाने सांगितलं. समुद्र मायसारखा आहे, त्याला किती ओरबाडा, तो सगळं भरून काढतो. पोरांना ते पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी काकूंना कांदा चिरून देत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “तू थो पिक्चर आनला म्हंते समुद्राचा. त्याहीले दाखवनं जरुरी हाय काय?”

“काकू, ते वाक्य त्यांचं आहे. दुसऱ्या कुणी बोलून चालणार नाही.”

“मले तुमचं कायी समजत नाई. पन ह्या मानसानं जिंदगीत एकच काम केलं. पोरबाळ नाई झालं आम्हाले. थेच काम पोरासारखं सांभाळलं त्याहीनं. थे चुकलं म्हून तू सांगाले आलीस.” मग चिरलेला कांदा ओढून घेत म्हणाल्या, “आलीस तं आलीस. पन मले कायचं दुःख हाय, थे तुले सांगतलं.”

कांद्याचं निमित्त होतंच, म्हणून डोळे पुसले.

आष्टीचा बाजार

त्या दिवशी सरांनी मला आष्टीला नेलं. बेचाळीसच्या चळवळीचं गाव, बघितलं पाहिजे, शिवाय बाजाराचा दिवस. खरं कारण मला कळत होतं. मी बॅग उघडायला गेले की त्यांना काहीतरी दाखवायचं सुचत होतं.

बाजारात मिरच्यांचे ढीग, लसणाच्या जुड्या, चटया, माठ. सरांनी प्रत्येक माठ बोटाने वाजवून बघितला. एक माठ पसंत पडला तर किंमत पसंत पडेना, आणि किंमत पसंत पडली तर माठवाला रागावला. शेवटी त्याच माठावर दोघांची दिलजमाई झाली. मी दोनदा विषय काढला. एकदा त्यांनी मला काकडी घेऊन दिली. दुसऱ्यांदा म्हणाले, “पोटात थंडं जाऊ दे पयले.”

परतीच्या बसमध्ये माठ त्यांच्या मांडीवर होता. त्याच्यावर दोन्ही हात ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. गाव जवळ आल्यावर आपणहून म्हणाले, “कॅमेऱ्यात साफ दिसते काय?”

“हो सर.”

“कडा?”

“कडासुद्धा.”

कडा साफ दिसतात म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. जिथे काही भरून येत असतं तिथे आधी कडा ढासळतात.

शेतात

“घरात नोको,” सर सकाळी म्हणाले. “चाल, शेतात पाहू.”

शेत गावाला लागूनच आहे. दिलीप आणि दोन मजूरबाया टोपल्यांत दगड वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकत होते. पावसाआधी हे काम करावंच लागतं, नाहीतर पेरताना अडचण होते. जमिनीला भेगा पडल्या होत्या, त्यात माझा हात कोपरापर्यंत गेला. कोकणातल्या जांभ्या दगडावर वाढलेल्या माणसाला हे नवलच होतं. मी घाबरून हात बाहेर काढला तसे सर हसले.

“या जमिनीले नांगराचीबी गरज नाई. उन्हानं फाटते, वरची माती खाली पडते, पानी आलं का फुगते अन् बंद होते. आपली आपनच नांगरून घेते. एका पावसात समजनार नाई कोनी इथं काय केलतं म्हून.” त्यांनी मूठभर माती हातात चुरली. “समुद्रातला गाळ पयल्यांदा वर आला, तवा मी असाच हातात घेतलता. वाटलं, आपलीच माती हाय.”

आम्ही कडुनिंबाखाली बसलो. उजेडात लॅपटॉपवर काही दिसेना, म्हणून माझ्या नव्या दुपट्ट्याचा आडोसा केला आणि दोघांनी डोकी आत घातली. पडद्यावर आधी काळे गोळे आले. एका गोळ्यावर काचेच्या काडीसारख्या देठावर पांढरा स्पंज उभा होता, आणि त्या देठाला एक बारीक, पाच हातांचा सर्पतारा, तारामाशाचा भाऊबंद, मिठी मारून बसला होता. शेजारच्या गोळ्यावर दुसरा स्पंज, पलीकडे आणखी एक. प्रत्येकाला उभं राहायला एक गोळा. त्या मऊ गाळात पाय रोवायला दुसरं काही टणक नसतंच. मग कॅमेरा पुढे सरकला आणि सगळं संपलं. सरळ रेघेत. रेघेच्या अलीकडे गोळे आणि त्यांच्यावरचे जीव, पलीकडे नुसता गाळ. अवजाराच्या दातांचे चरे काल उमटल्यासारखे होते.

फिल्म संपली तरी सर आडोशाखालून बाहेर येईनात.

“किडे?” त्यांनी आतूनच विचारलं.

“किडे आहेत सर. गाळातले बरेचसे परत आलेत. तुमची मोजणी चुकली नव्हती.”

“अन् गोट्यावरचे?”

“गोटेच नाहीत.”

ते बाहेर आले. समोर एक बाई टोपली रिकामी करत होती, दगड धुऱ्यावर खडखडत पडले. सर तिकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा असा उतरला की मला लॅपटॉप बंद करायचंही सुचलं नाही.

“आमच्यात,” ते म्हणाले, “चांगलं वावर म्हंजे गोटे नसलेलं वावर. लहानपनी बाबा पयाट उठवे, गोटे वेचाले. गोटे गेले का रान साफ. मी तिथंबी तेच पाह्यलं. पट्टा साफ दिसला, माती दिसली, मातीतलं मोजलं. गोट्यावर कोनी राहत असन, त्याचं थे घर असन, हे माह्या डोक्यातच नाई आलं, अनघा. बाकीचेबी सोबत होते, कोनी गोव्याचं, कोनी केरळचं. पन मोजाचं काय, थे मी ठरवलतं.”

“त्या काळात कॅमेरे असे नव्हते, सर.”

“कॅमेरा नवता. पन पोत्यानं गोटे वर आनले होते आपन. त्याच्यावर चिकटलेलं सारं धुऊन टाकलं, वजन कराले.”

मला हवं होतं ते मला मिळालं होतं. गोव्याहून मी त्याच्यासाठीच आले होते. पण त्या कडुनिंबाखाली मला मनापासून वाटलं की ही फिल्म त्यांनी बघायला नको होती. दुसरा काही मार्ग निघाला असता तर किती बरं झालं असतं. दिलीप पाणी घेऊन आला. मोठेबाबांकडे बघून त्याने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी मान हलवली. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

गच्चीवर

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रोहण्यात फोनला नीट रेंज येते ती गच्चीवर, आणि गच्चीवर ऊन. फोन थोड्याच वेळात तापला, गरम झालोय म्हणून कुरकुरला आणि बंद पडला. तिकडे अध्यक्ष थांबलेले. शेवटी काकूंनी आष्टीच्या माठातलं पाणी आणलं, फडकं ओलं करून फोनच्या पाठीला लावलं आणि छत्री उघडून सरांच्या डोक्यावर धरली. हे करताना त्या माझ्याशी अक्षरही बोलल्या नाहीत.

सरांनी सुरुवात जहाजावरच्या भाषेत केली. नमस्कार, आदरणीय अध्यक्ष, माझं पूर्वीचं निरीक्षण. दोन-तीन वाक्यं तशी झाली. मग ते अडखळले, आणि पुढचं सगळं घरच्या बोलीत आलं.

“मी लिवलतं का तळ भरून येते. थे चूक होतं. मी मातीच पाह्यली. गोट्यावर जगनारे मी मोजलेच नाई. थे गेले अन् अजून आले नाई. तुम्ही माह्यं थे वाक्य वाचता म्हने. वाचू नोका. अन् राखून ठेवाचं असन तं जिथं गोटे दाट हायेत, थोच भाग ठेवा. उरलासुरला ठेवून फायदा नाई.”

तिकडून कुणीतरी अगदी अदबीने विचारलं, “सर, मग आपल्या अंदाजाने पूर्ववत व्हायला किती वर्षं लागतील?”

“मले माहीत नाई,” सर म्हणाले. “मले तवाबी माहीत नवतं.”

अध्यक्षांनी आभार मानले, आपलं म्हणणं नोंदवून घेतलंय असं सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. सर फोन हातात धरून तसेच बसले. काकूंनी छत्री मिटली नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “चाला आता खाली. ऊन लागन.” आणि त्यांचा हात धरून जिन्याने घेऊन गेल्या.

समितीचं पुढे काय झालं असं तुम्ही विचाराल. ते वाक्य आता कुणी वाचत नाही, एवढं झालं. राखीव भाग दाट गोळ्यांचा असावा की विरळ, यावर अजून वाद चालू आहे. दाट गोळे सगळ्यांनाच हवे असतात, यंत्रांनाही आणि स्पंजांनाही. विरळ भाग राखून ठेवून आपण समुद्र वाचवला असं म्हणणं फार सोयीचं आहे. मला भीती वाटते की शेवटी तेच होईल. पण सर बोलले नसते तर वादसुद्धा झाला नसता, असं मी स्वतःला सांगत असते.

निघताना काकूंनी मला सांडग्यांची पुरचुंडी दिली. जवळ घेतलं नाही, पण पुरचुंडी दिली. सर फाट्यापर्यंत आले. पुलगावची बस उशिरा येणार होती. आम्ही पिंपळाच्या पारावर बसलो. सर दिलीपच्या कपाशीबद्दल बोलले, माझ्या आईची तब्येत विचारली. दुरून बस दिसली तेव्हा त्यांनी माझी बॅग उचलून दिली.

“पुढच्या खेपेले तिकडं जाशीन तं,” ते म्हणाले, “त्या पट्ट्याचा फोटो मले धाडू नको.”

“बरं, सर.”

बस थांबली. मी पायरीवर पाय ठेवला तशी त्यांनी मागून हाक मारली.

“अनघा. भरला असन तं धाडजो. थोडा भरला असन तरी धाडजो.”

तो एकेक गोळा नखभर वाढायला लाखो वर्षं लागतात, हे माझ्या पहिल्या सफरीत मला सरांनीच शिकवलं होतं.

“हो सर,” मी म्हणाले. “लगेच पाठवते.”